वाऱ्याची वाट

लखनादौनच्या अलीकडे एका ढाब्यासमोर गाडीचा वेग कमी केला, तेव्हा तेलाचा दिवा पहिल्यांदा लुकलुकला. अॅक्सिलरेटरवर पाय ठेवला की विझायचा, काढला की पुन्हा पेटायचा. गेल्या वर्षीचा मे महिना, दुपारचे साडेबारा. जबलपूरहून निघून जेमतेम ऐंशी किलोमीटर झाले होते. बाहेर लू सुटली होती आणि रस्त्यावरचा डांबराचा वास काच बंद असतानाही आत येत होता. शेजारी मामा बसले होते. वय ८१, मांडीवर ओला पंचा, हातात कैरीच्या पन्ह्याची बाटली. ते दिव्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "बंद कर," ते म्हणाले, "पण लगेच नको. मिनिटभर नुसतं चालू राहू दे, मग बंद कर."

गाडी १९६८ सालची, फोक्सवॅगनची बीटल १३००. मागे इंजिन, पुढे डिकी, रेडिएटर नाही, पाणी नाही. दिल्लीतल्या परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या पूर्वी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन लिलावात विकायचं. मामांना ती तशीच मिळाली आणि तेव्हापासून जबलपूरच्या नेपियर टाऊनमध्ये आहे. आमचं आजोळ मूळचं नागपूरचं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरचं हायकोर्ट जाऊन मध्य प्रदेशाचं हायकोर्ट जबलपूरला बसलं आणि वकिली करणारे आजोबा त्याच्यामागे तिकडे गेले. तशी कितीतरी मराठी घरं तेव्हा नर्मदेकाठी गेली. त्या घरांसाठी नागपूर-जबलपूर हा पावणेतीनशे किलोमीटरचा रस्ता म्हणजे माहेर आणि सासर यांच्यामधला रस्ता होता. मामांना या गाडीतून नागपूरला मावशीकडे एकदा जायचं होतं. त्या दिवशी ते जमलं नाही. गाडी ट्रकवर चढवून परत आणावी लागली.

त्यानंतरचं वर्षभर मी एकाच प्रश्नामागे होतो. हवेवर थंड होणाऱ्या गाडीचं तेल इतकं का तापतं, आणि जबलपूरच्या उन्हात त्याला आवर कसा घालायचा?

आधी गाडीचा जन्म सांगायला हवा, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. १९३४ साली फर्डिनंड पोर्शे यांच्यापुढे सामान्य जर्मन माणसाच्या गाडीसाठी ज्या अटी होत्या, त्यांत एक अट इंजिन हवेवर थंड व्हावं अशी होती. ती उन्हासाठी नव्हती, थंडीसाठी होती. गाडी विकत घेणाऱ्याकडे गॅरेज नसणार, गाडी रात्रभर बर्फात उभी राहणार, रेडिएटरमधलं पाणी गोठणार आणि इंजिन फुटणार. म्हणून पाणीच नको. दुसरी अट होती ताशी १०० किलोमीटर वेगाने तासन् तास धावण्याची. या दोन अटी एकत्र आल्या तेव्हा तेलावर मोठी जबाबदारी पडली. पाण्याच्या गाडीत इंजिनातली उष्णता वाहून नेण्याचं मुख्य काम पाणी करतं आणि तेल प्रामुख्याने वंगणाचं. बीटलमध्ये सिलिंडरभोवतीच्या धातूच्या पाकळ्यांवरून हवा जाते हे खरं, पण बेअरिंगांची, पिस्टनच्या पोटाची, व्हॉल्व्हच्या आजूबाजूची उष्णता तेलच उचलतं. आणि तेल किती? अडीच लिटर. आजच्या साध्या हॅचबॅकच्या इंजिनातही तीन ते चार लिटर असतं. बीटलमध्ये कागदी फिल्टरही नाही, तळाशी एक जाळी आहे. म्हणून दर पाच हजार किलोमीटरला तेल बदलायचं.

हे अडीच लिटर तेल थंड करायला कंपनीने एक छोटा कूलर दिला. पत्र्याच्या बारीक नळ्यांची उभी पेटी, पंख्याच्या घुमटाकार आवरणाच्या आत बसवलेली. पंखा डायनामोच्या दांड्यावर असतो आणि क्रँकपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने फिरतो. तो मागच्या काचेखालच्या फटींतून थंड हवा ओढतो आणि सेकंदाला शेकडो लिटर हवा खाली सिलिंडरांवर ढकलतो. त्यातली काही हवा वाटेत तेलाच्या कूलरमधून जाते. अडचण अशी की हा कूलर डावीकडे, तिसऱ्या सिलिंडरच्या बरोबर वर उभा होता. तिसऱ्या सिलिंडरला मिळायची ती कूलरमधून आलेली, आधीच तापलेली हवा. बीटलच्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीला विचारा, व्हॉल्व्ह जळला तर तिसऱ्याचा आधी जळतो. कंपनीलाही ते माहीत होतं. काही डिस्ट्रिब्युटरमध्ये तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी मुद्दाम थोडी उशिरा पडेल अशी रचना होती. अखेर १९७१ च्या मॉडेलपासून मोठ्या इंजिनांत कूलर आवरणाबाहेर काढून पुढे सरकवला आणि त्याला स्वतःची हवा दिली. त्या बदलाला इंग्रजी बोलणारे मिस्त्री डॉगहाउस म्हणतात, कारण आवरणाला कुत्र्याच्या घरासारखा फुगवटा येतो. मामांची गाडी १९६८ ची, म्हणजे जुन्या पद्धतीची.

आता जबलपूर. समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर, मे महिन्यात ४२ ते ४४ अंश नित्याचेच. रोहिणी नक्षत्रात सूर्य गेला की नवतपा लागतो आणि ते नऊ दिवस शहर दुपारी दारं लावून बसतं. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचं गणित इथे निर्दय आहे. उष्णता जाते ती तापमानातल्या फरकामुळे. बाहेरची हवा वीस अंशांनी तापली तर तेलही ढोबळमानाने तेवढंच वर चढतं. जर्मनीत २४ अंशांच्या उन्हाळ्यात ९० वर राहणारं तेल जबलपूरमध्ये ४४ अंशांना, त्याच वेगात, ११० च्या आसपास जाणार. म्हणजे सगळं ठाकठीक असलेली गाडीदेखील इथे मर्यादेच्या जवळ चालते. एखादी गोष्ट जरा बिघडली, तर ती मर्यादा ओलांडते.

ही मर्यादा म्हणजे नेमकं काय? तेलाचा पातळपणा. आपल्याकडे सर्रास मिळणारं २०डब्ल्यू-५० तेल ४० अंशांना साधारण १५०-१६० सेंटिस्टोक एवढं दाट असतं. १०० अंशांना ते १८ च्या आसपास उतरतं आणि १३० ला त्याच्याही निम्मं होतं. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये धातूला धातू लागू न देणारा जो पडदा असतो, तो या दाटपणावर उभा असतो. त्याशिवाय तेल जळतंही. तेलाच्या व्यवसायातला एक जुना ठोकताळा सांगतो की दर दहा अंशांना तेलाच्या सडण्याचा वेग दुप्पट होतो. तळातल्या तेलाचं तापमान ९० ते ११० असेल तर मी निवांत गाडी चालवतो. १२० दिसलं की वेग कमी करतो. १३० दिसलं की झाड शोधतो. आणि बीटलचं दुखणं असं की डॅशबोर्डवर तापमान दाखवणारा काटाच नाही. पोर्शेच्या ९११ मध्ये तेलाचा काटा होता, तेलाची वेगळी टाकी होती आणि बीटलच्या कितीतरी पट तेल होतं. बीटलमध्ये नुसता एक दिवा. तोही तापमानाचा नाही, दाबाचा. दाब अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावर तो पेटतो. लखनादौनला लुकलुकलेला दिवा हा इशारा नव्हता, फार उशिरा पोहोचलेली तार होती.

गाडी परत आणल्यावर मला सगळ्यांनी उपाय सुचवले. बोनेटला, म्हणजे बीटलच्या बाबतीत मागच्या झाकणाला, बिजागरीपाशी वॉशर लावून ते उघडं ठेव. पुढे मोठा जादा कूलर बसव. बाहेरून विजेचा पंखा लाव. दाट, अजून दाट तेल घाल. हे सगळे उपाय जगभर करतात, आणि त्यांतले काही योग्य जागी उपयोगीही आहेत. पण मला खटकत होतं ते वेगळंच. ब्राझीलमध्ये, मेक्सिकोत हीच गाडी लाखोंच्या संख्येने बनली आणि चालली. मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या कारखान्यात शेवटची बीटल ३० जुलै २००३ रोजी बाहेर पडली, तोवर जगात दोन कोटी पंधरा लाखांहून जास्त बीटल झाल्या होत्या. त्या सगळ्या काही थंड देशांत नव्हत्या. मग आमचीच का उकळते?

उत्तर मिळालं रांझीत. रांझी हा जबलपूरचा पूर्वेकडचा भाग, कारखान्यांच्या वसाहतींचा. हे शहर जेवढं भेडाघाटच्या संगमरवराचं, तेवढंच लष्करी कारखान्यांचं. तोपगाड्यांचा कारखाना १९०४ पासूनचा, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धातला आणि वाहन निर्माणी, म्हणजे व्हीएफजे, १९६९ ची. शक्तिमान ट्रक आणि निसानच्या परवान्यावरची जोंगा या जबलपूरच्या गाड्या. जोंगा हे नाव जपानी नाही. जबलपूर, ऑर्डनन्स, गनकॅरेज, असेंब्ली या इंग्रजी शब्दांच्या अक्षरांतून ते जुळवलेलं आहे. सहा सिलिंडरचं जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन, लडाखपासून राजस्थानपर्यंत कुठेही जाणारं. १९९९ ला तिचं उत्पादन थांबलं, पण सैन्याच्या लिलावांतून बाहेर आलेल्या जोंगा आजही या शहरात दिसतात आणि त्यांची इंजिनं उघडू शकणारे हातही इथेच आहेत.

ज्या मिस्त्रींकडे मी गेलो, त्यांनी ती इंजिनं आयुष्यभर जोडली होती. निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करतात. बीटल त्यांनी याआधी फारशी उघडली नव्हती आणि त्यांनी ते लपवलं नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, मागचं झाकण उघडलं आणि हात न लावता पाच मिनिटं नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "जोंगा गरम होती है तो भाप छोड़ती है, चिल्लाती है. ये चुपचाप मरती है." नंतर त्यांनी एक अगरबत्ती मागवली. इंजिन चालू केलं आणि अगरबत्तीचा धूर इंजिनाच्या कडेकडेने फिरवत नेला. हवा कुठून आत जाते आणि कुठून नको तिथे निसटते हे बघण्याची इतकी साधी रीत मी कुठल्याही पुस्तकात वाचली नव्हती.

धुराने जे दाखवलं ते असं. बीटलच्या इंजिनाभोवती एक रबराची पट्टी असते. ती इंजिनाच्या वरची थंड खोली आणि खालची गरम खोली वेगळी ठेवते. आमच्या गाडीत ती अर्धी गळून गेली होती. सिलिंडरांवरून तापून खाली गेलेली हवा, सायलेन्सरच्या धगीसकट, त्या फटीतून वर येत होती आणि पंखा तीच पुन्हा ओढत होता. स्पार्क प्लगच्या वायरींवर पत्र्याच्या भोकात घट्ट बसणारी रबरी टोपणं असतात. चारांपैकी एकच शिल्लक होतं. आणि सगळ्यांत मोठी चोरी पंख्याच्या आवरणाच्या दोन बाजूंना होती. तिथे दोन मोठी भोकं आहेत, गाडीतल्या हीटरला हवा देणारी. जबलपूरमध्ये हीटर कशाला, म्हणून कधीतरी हीटरच्या नळ्या काढल्या होत्या आणि भोकं तशीच उघडी. पंख्याने कष्टाने गोळा केलेल्या हवेचा मोठा वाटा तिथून फुसकन बाहेर पडत होता.

मला तेव्हा चेतक आठवली. बजाजच्या स्कूटरला सिलिंडरभोवती पत्र्याचं काऊल असायचं आणि फ्लायव्हीलचा पंखा त्याच्यात हवा भरायचा. पुण्याला आमच्या वाड्यात एक जण म्हणायचा, काऊल काढलं की इंजिनाला मोकळी हवा लागते. स्कूटर दोन महिन्यांत धरली. मोकळं इंजिन थंड राहील असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, आणि तिथेच चूक होते. हवा आळशी असते, सोपी वाट मिळाली की त्याच वाटेने जाते. सिलिंडरच्या पाकळ्यांमधल्या अरुंद फटींतून तिला जायला भाग पाडावं लागतं, आणि ते काम पत्रा करतो. जबलपूरच्या घरांत खिडकीला वाळ्याचे किंवा लाकडाच्या बारीक ढलप्यांचे पॅड लावलेला कूलर असतो. समोरचं दार बंद ठेवलं तर तो कितीही मोठा असला तरी खोली घामट होते, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. आत येणाऱ्या हवेला बाहेर जायची वाट हवी, आणि मधे कुठे गळती नको. गाडीच्या मागच्या झाकणाखाली तोच नियम आहे.

आवरण उतरवलं तेव्हा कूलरच आत सापडला. म्हणजे त्याचं गवत. गाडी काही वर्षं शेडमध्ये उभी होती. शेजारच्या जुन्या कूलरचं पॅड उंदरांनी ओढून आणलं होतं आणि तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरच्या पाकळ्यांवर, उबदार जागी, घरटं केलं होतं. काळं पडलेलं, तेलाने माखलेलं, मुठीएवढं. आधीच गरम हवेवर जगणारा तिसरा सिलिंडर त्या घरट्याखाली गुदमरत होता. मिस्त्रींनी ते चिमट्याने काढून वर्तमानपत्रावर ठेवलं आणि मामांना दाखवलं.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि थर्मोस्टॅट? तो आहे का?" तो नव्हता. बीटलच्या उजव्या सिलिंडरांखाली पितळी भात्यासारखा एक थर्मोस्टॅट असतो. इंजिन गार असताना तो आवरणातल्या झडपा बंद ठेवतो, इंजिन लवकर तापू देतो आणि ६५-७० अंशांच्या सुमाराला त्या उघडतो. गरम प्रदेशात तो आणि झडपा दोन्ही काढून टाकायची पद्धत होती. आता इथे नेहमीच ऊन, मग कशाला? पण उघडलेल्या झडपा हवेला दिशाही देतात, काही हवा कूलरकडे, काही सिलिंडरांच्या डोक्याकडे. त्या नसल्या की हवा आपल्या मनाने पडते. शिवाय हा भाता बिघडला तर उघडाच राहतो, बंद नाही. बनवणाऱ्यांनी तेवढी काळजी घेतली होती.

"मीच काढला होता," मामा म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढायला लावला. त्यात सगळं होतं. भाता, दोन्ही झडपा, त्यांची तार, हीटरच्या नळ्यांच्या क्लिपा, तीन रबरी टोपणं दगडासारखी कडक झालेली. शेजारी त्यांची वही. पेट्रोल, किलोमीटर, तेल, खर्च, सगळ्याची तारीखवार नोंद. मे महिन्यातल्या एका नोंदीत त्यांच्या बारीक, वकिलाच्या मुलाच्या अक्षरात लिहिलं होतं: थर्मोस्टॅट काढला. इथे गरज नाही.

पुढचे तीन महिने काम हळूहळू चाललं. नवीन रबरपट्टी आणली. हीटर कायमचा नको म्हणून त्या दोन भोकांना पत्र्याची झाकणं करून घट्ट बसवली. झडपा आणि भाता डब्यातलेच परत बसवले. सिलिंडरांखालचे हवा वळवणारे पत्रे आमच्या गाडीत होते, पण एक उलटा बसवलेला निघाला. तो सुलटा केला. यात नवीन असं जवळजवळ काहीच जोडलं नाही. सगळा खटाटोप होता तो जे काढून टाकलं होतं ते परत बसवण्याचा. मला आता ठामपणे वाटतं की जुन्या हवेच्या गाडीला जादा कूलर लावण्याआधी मालकाने तिच्यातलं काय काय गायब आहे याची यादी करावी. जादा कूलर वाईट नाही. पण गळकी वाट तशीच ठेवून तो लावणं म्हणजे फुटलेल्या माठाला मोठा पेला लावण्यासारखं आहे.

दाट तेलाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण ही चूक आमच्याकडून झाली होती. लखनादौनला जाताना गाडीत बाजारात मिळालं तेवढं जाड तेल होतं. बीटलमध्ये तेलाच्या वाटेवर एक दाबाची झडप आहे. तेल गार आणि घट्ट असताना दाब वाढतो, झडप उघडते आणि तेल कूलर चुकवून सरळ बेअरिंगांकडे जातं. हे मुद्दाम आहे, नाहीतर घट्ट तेलाच्या दाबाने कूलर फुटेल. पण तेल गरजेपेक्षा दाट असेल तर ही झडप अनेकदा उघडीच राहते आणि तेल कूलरमध्ये जातच नाही. म्हणजे गाडी थंड राहावी म्हणून घातलेलं दाट तेल गाडीला अधिक तापवतं. आता उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० आणि डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा जबलपूरची पहाट आठ-दहा अंशांवर येते, १५डब्ल्यू-४०. तेलात झिंकचं प्रमाण जुन्या टॅपेटना पुरेल इतकं आहे ना, हे डब्यावर वाचून घ्यायचं.

पेट्रोलचाही हात आहे. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जुन्या पेट्रोलसाठी जुळवलेल्या कार्ब्युरेटरमधून हे इंधन गेलं की इंजिनाला मिळणारं मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रणात इंजिन चढावर कण्हतं, तापतं. मेन जेट एक नंबर मोठा टाकला, रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या. ठिणगीची वेळ प्रकाशाच्या बंदुकीने तपासली, कारण उशिरा पडलेली ठिणगीही इंजिनाला भाजते. व्हॉल्व्हची फट ०.१५ मिलिमीटर, तीही इंजिन पूर्ण गार असताना. मे महिन्यात जबलपूरमध्ये इंजिन पूर्ण गार होतं ते पहाटे पाचला. मिस्त्री तेव्हाच आले, चहा न घेता.

तेल मोजण्याच्या दांडीच्या जागी तापमापक असलेली दांडी बसवली. काम सुरू करण्याआधी, ४३ अंशांच्या दुपारी, भेडाघाटपर्यंत जाऊन परत येताना तिने १२९ दाखवले होते. काम संपल्यावर तोच रस्ता, तीच वेळ, हवा ४२, तेल १११. मिस्त्रींनी आकडा बघितला आणि पुन्हा दांडी पुसून घातली, पुन्हा काढून बघितली.

उरलेलं चालवणाऱ्याच्या पायात आहे. पंखा इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरतो, गाडीच्या वेगावर नाही. चढावर चौथ्या गिअरमध्ये रेटत नेलं तर इंजिनावर भार जास्त आणि पंखा मंद, म्हणजे तेल उकळायची अचूक पाककृती. तिसऱ्यात आणायचं, इंजिन मोकळं फिरू द्यायचं. आवाज जास्त होतो, पण पंखा पोटभर हवा देतो. सपाटीला वेग आवरायचा. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ९० वरून ७५ वर आलं की त्या कामातला चाळीस टक्क्यांहून जास्त भार उतरतो. थांबल्यावर लगेच इंजिन बंद करायचं नाही, कारण बंद केलं की पंखाही थांबतो आणि साठलेली धग डोक्यात चढते. मामांनी लखनादौनला सांगितलं होतं ते हेच. आणि एक गोष्ट प्रत्येक बीटलवाल्याने मुलाबाळांना शिकवावी अशी: चार्जिंगचा लाल दिवा पेटला तर बॅटरीचा विचार करू नका, त्याच क्षणी थांबा. डायनामो आणि पंखा एकाच पट्ट्यावर आहेत. पट्टा तुटला असेल तर गाडी हवेशिवाय चालली आहे.

जबलपूरच्या आसपासच्या शेतकऱ्यांना यातलं बरंच आधीपासून ठाऊक आहे. नरसिंहपूरच्या बाजूला आयशरचे एका सिलिंडरचे हवेवर थंड होणारे ट्रॅक्टर अजूनही टकटक करत जातात. बरगीजवळ भेटलेल्या एका ट्रॅक्टरवाल्याने आमच्या गाडीचं इंजिन बघून पहिलं काय विचारलं असेल, तर पाकळ्यांतला भुसा कधी साफ केला.

या वर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटे साडेचारला आम्ही पुन्हा निघालो. बरगी, धूमा, लखनादौन. गेल्या वर्षीच्या ढाब्यावर थांबलो तेव्हा उजाडलेलं होतं, तेल ९४. छपाऱ्याला वैनगंगा ओलांडली. पुढे जाऊन भंडाऱ्याची होणारी ही नदी इथे लहानशी आहे. मामांनी हात जोडले. सिवनी, कुरई, खवासा, आणि साडेनऊला नागपूर. मावशीने दारातच विचारलं, "तापली का रे?" ते गाडीबद्दल होतं की भावाबद्दल, कळलं नाही.

परतीला पहाटे निघायचं ठरलं होतं. पण मावशीने सांबारवडीचा बेत केला, शेजारपाजारचे गाडी बघायला आले आणि निघायला साडेआठ वाजले. खवासा सोडून कुरईचा घाट लागला तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. पेंचच्या जंगलातून जाणारा हा रस्ता आता रुंद झाला आहे, जनावरांना खालून जाता यावं म्हणून मोठाले पूल उचललेले आहेत. आमच्या बाजूने सगळी चढण. मागून येणारे ट्रक हॉर्न देत पुढे जात होते. मी तिसऱ्या गिअरवर, पन्नासच्या आसपास, इंजिन भिंगरीसारखं गात होतं. मामा दिव्याकडे बघत होते. दिवा पेटला नाही.

घाट संपल्यावर एका मोहाच्या झाडाखाली गाडी घेतली. मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवलं, मग बंद केलं. मी दांडी काढली, पुसली, पुन्हा बघितली आणि आकडा सांगितला. मामांनी पिशवीतून वही काढली. ती त्या जुन्या नोंदीच्या पानावरच उघडली आणि समासात, मोकळ्या जागेत, हात थोडा कापत होता तरी नीट लिहिलं: थर्मोस्टॅट परत बसवला. कुरई घाट, चढ, हवा ३९, तेल ११४.

मग तारीख घातली आणि पन्हं मागितलं.